भाडं निम्मं केलं तर फेऱ्या दुप्पट होतील का?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या शेजारच्या मुलीचा हा प्रश्न. ती इथल्या जीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात एम.टेक. करते आणि तिचा प्रकल्प शहरातल्या भाड्याच्या सार्वजनिक सायकलींवर आहे. तिने लिहिलंय: "काका, तुम्ही इतकी वर्षं याच कामात होता. अर्ध्या तासाचं भाडं १० रुपयांवरून ५ केलं तर फेऱ्या दुप्पट होतील का? झाल्या तर गल्ला तेवढाच राहील ना? गाइडना मॉडेल हवंय. मला आधी कळायला हवंय की प्रत्यक्षात काय होतं."

दुप्पट होणार नाहीत. दीडपट जरी झाल्या आणि सहा महिने टिकल्या, तरी सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस माझ्याकडून.

बसच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे, अमेरिकेतल्या सिम्पसन-कर्टिन यांच्या नावाचा: भाडं तीन टक्के वाढलं की प्रवासी एक टक्का घटतात. म्हणजे माणसं भाड्याकडे बघतात, पण आपल्याला वाटतं तितकी नाही. हाच हिशेब उलटा, तुझ्या पन्नास टक्के कपातीला लावला तर १०० फेऱ्यांच्या ११७ होतील. आधी हजार रुपये यायचे, आता ५८५ येतील. हा ठोकताळा छोट्या फेरबदलांसाठी आहे आणि सायकल म्हणजे बस नव्हे, त्यामुळे हा आकडा प्रकल्पात तसाच उतरवू नकोस. पण 'निम्मं भाडं, दुप्पट फेऱ्या' हे गृहीत धरून जे कागद मंजुरीला जातात, ते किती आशेवर चाललेले असतात ते यावरून समजेल.

सायकल वेगळी का? बसला बसणाऱ्याला बरेचदा दुसरा इलाज नसतो. सायकलवाल्याला असतो. इंदुरात सायकलीची लढत मोटारीशी नाहीच, ती ई-रिक्षाशी आणि स्वतःच्या पायांशी आहे. भंवरकुआहून तीन जणांत रिक्षा केली की माणशी दहा-पंधरा पडतात, घाम येत नाही आणि शर्ट ओला होत नाही. सायकलचं भाडं त्याच्या खाली असलं की माणूस विचार तरी करतो. त्याच्या वर गेलं की स्टँडकडे बघतही नाही. त्यामुळे १० चे ९ केले तर कुणाला पत्ताही लागत नाही, १२ चे ८ केले तर एकदम हालचाल होते. मागणीचा आलेख सरळ रेषेत उतरत नाही, त्याला पायऱ्या असतात आणि पायरी कुठे आहे ते शेजारचा रिक्षावाला ठरवतो. आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता सायकल फुकट दिली, वर ग्लासभर शिकंजी दिली, तरी कुणी घेत नाही. त्या वेळेची मागणी भाड्याने हलत नसते.

आता मुद्द्याचं. तू ज्याला भाडं म्हणतेस ते बोर्डावर लिहिलेले दहा रुपये आहेत. माणूस भरतो ते भाडं वेगळं असतं.

गीता भवन चौराह्यावरच्या आमच्या स्टँडवर एक दिवस मी उभा होतो. टिळकनगरात स्वयंपाकाची कामं करणाऱ्या एक बाई आल्या. आदल्या दिवशी आमच्या पोऱ्याने त्यांना ॲप टाकून दिलं होतं. त्यांनी कोड स्कॅन केला. ॲप म्हणालं, आधी वॉलेटमध्ये किमान ९९ रुपये भरा. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "दादा, दहा रुपयांच्या सायकलीला शंभर?" मी समजावायला लागलो, की बाई, हे पैसे तुमचेच राहतात, पुढच्या नऊ फेऱ्यांना चालतील. त्या हसल्या, रस्ता ओलांडला आणि ई-रिक्षात बसल्या. त्यांचं गणित माझ्यापेक्षा पक्कं होतं. त्यांना सायकल आवडेल की नाही हेच अजून माहीत नव्हतं, आणि आम्ही नऊ फेऱ्यांचे पैसे आगाऊ मागत होतो. त्या दिवशी त्यांच्यासाठी आमचं भाडं ९९ रुपये होतं. ते पाच केलं असतं तरीही ९९च राहिलं असतं.

मी ज्या कंपनीत होतो तिथे या किमान रिचार्जवरून माझे बरेच खटके उडाले. हिशेबवाल्यांना ती रक्कम प्रिय असते, कारण वापरली न गेलेली शिल्लक वॉलेटमध्ये पडून राहते. डिपॉझिटचंही तेच. चीनमध्ये ओफो कंपनी आधी ९९ आणि नंतर १९९ युआन डिपॉझिट घ्यायची. २०१८ च्या डिसेंबरात बीजिंगमध्ये तिच्या कार्यालयाबाहेर लोक ते परत मागायला रांगा लावून उभे होते आणि ॲपवरची रांग एक कोटीच्या वर गेली होती. त्याच कंपनीच्या पिवळ्या सायकली २०१८ मध्ये काही महिने आपल्या देशातही फिरल्या आणि गेल्या. दुसऱ्याचं डिपॉझिट उत्पन्न समजून खर्च करणाऱ्याचं पुढे काय होतं, हे त्या रांगेत दिसलं. तुझ्या प्रकल्पात डिपॉझिट आणि वॉलेटची शिल्लक उत्पन्नात धरू नकोस, ऑपरेटरने धरलेली असली तरी.

पहिल्या फेरीचा उंबरठा खाली आणला की काय होतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण वॉशिंग्टनचं आहे. तिथली कॅपिटल बाइकशेअर २०१० पासून चालू आहे. अधूनमधून सायकल घेणाऱ्याला, म्हणजे बहुतेक पर्यटकाला, सर्वांत स्वस्त पर्याय होता २४ तासांचा ८ डॉलरचा पास. जून २०१६ मध्ये त्यांनी एका फेरीचं २ डॉलरचं तिकीट आणलं, अर्ध्या तासापुरतं. बाकीचे पास तसेच ठेवले. जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नंतर आधीचे आणि नंतरचे आकडे लावून बघितले. पहिल्यांदाच सायकल घेणारे वाढले, अधूनमधून येणाऱ्यांच्या फेऱ्या वाढल्या आणि या लोकांकडून दर फेरीमागे मिळणारा पैसा घटला.

हे तिन्ही एकदमच का झालं ते कागदावर मांडून बघ. ज्याला फक्त संग्रहालयापासून स्टेशनपर्यंत एकदा जायचं होतं तो ८ डॉलर ऐकून चालत जायचा. तो आता २ डॉलर देऊन आला, म्हणजे गल्ल्यात नवे २ डॉलर. पण जो आधी ८ देऊन दिवसभरात दोनच फेऱ्या करत होता, तो आता ४ मध्ये काम भागवायला लागला. त्याच्यामागे ४ डॉलर गेले. असा एक जुना घसरला की तो खड्डा भरायला दोन नवे लागतात. म्हणून नवीन तिकीट काढताना पहिला प्रश्न 'किती नवे येतील' हा नसतोच. जुन्यांपैकी किती जण खालच्या पायरीवर उतरतील, हा असतो. चार फेऱ्या किंवा त्याहून जास्त करणारा पाससोबतच राहतो, त्याची काळजी नाही. दोन-तीन फेऱ्यावाले किती होते, त्यावर सगळं ठरतं.

तुझ्या १० आणि ५ च्या प्रश्नात हीच घसरण मासिक पासवर होते, आणि तू पासचा उल्लेखसुद्धा केलेला नाहीस. समज महिन्याचा पास २०० रुपये आहे, अर्ध्या तासाच्या हव्या तेवढ्या फेऱ्या. सुट्या फेरीला १० असताना २० फेऱ्यांच्या वर गेलं की पास परवडतो. सुटी फेरी ५ ची केलीस की तो आकडा ४० वर गेला. म्हणजे महिन्याला २० ते ४० फेऱ्या करणारा प्रत्येक जण पास सोडायला मोकळा झाला. हेच तुझे चांगले गिऱ्हाईक! पलासियाला नोकरी करणारा, सकाळी सायकलने जाणारा, संध्याकाळी कधी मित्राच्या स्कूटरवर परतणारा. महिन्याला ३६ फेऱ्या करायचा, २०० द्यायचा. आता ३६ गुणिले ५, म्हणजे १८० देईल. वीस रुपयेच गेले, असं वाटेल.

पण गोष्ट इथे थांबत नाही. खिशात पास असला की माणूस फेरीचा विचार करत नाही. कोपऱ्यावर दूध आणायलाही सायकल काढतो, कारण पैसे आधीच गेलेले असतात. पास गेला की प्रत्येक फेरीला तो पुन्हा एकदा ठरवतो: आभाळ आलंय, जाऊ दे, आज रिक्षा. ३६ च्या २५ कधी होतात ते त्यालाही कळत नाही. मग त्याच्याकडून येतात १२५ रुपये, आणि फेऱ्याही घटल्या. भाडं कमी करून फेऱ्या कमी झाल्या, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मी हे डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे एका उन्हाळ्यात सुटी फेरी स्वस्त केली आणि पासचं नूतनीकरण घसरलं. वरच्या अधिकाऱ्यांना मात्र पहिल्या महिन्यात एकूण फेऱ्यांचा आकडा चढलेला दिसला आणि सगळे खूश. पावसाळ्यात जुने पासवाले निघून गेलेले होते आणि नवे सुटे गिऱ्हाईक पावसाला घाबरून घरी. तेव्हा दोष पावसाला दिला गेला.

सुटी फेरी स्वस्त करायचीच असेल तर पासही त्याच हिशेबाने खाली आण, किंवा पासला असं काही जोड जे सुट्या फेरीला मिळत नाही. अर्ध्याऐवजी पाऊण तास दिला तरी पुरतं.

उलटा प्रयोग लंडनने केला. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी एका दिवसाचं प्रवेशशुल्क १ पौंडावरून २ केलं आणि वार्षिक सदस्यत्व ४५ वरून ९० पौंड. पहिला अर्धा तास फुकट, तो तसाच. त्याच्या आदल्याच वर्षी योजना पूर्वेकडच्या गरीब वस्त्यांत पोचली होती. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की दरवाढीचा मार गरीब वस्त्यांतल्या रहिवाशांच्या सुट्या फेऱ्यांवर जास्त बसला. वार्षिक सदस्य वर्षातून एकदाच कुरकुरतो. रोजचे पैसे मोजणारा रोज ठरवतो. म्हणून एकच सरासरी लवचीकता, म्हणजे भाडं बदललं की मागणी किती हलते तो आकडा, काढून मोकळं होऊ नकोस, गिऱ्हाइकाच्या प्रकारागणिक वेगळी काढ. कामगारवस्तीतल्या नंदानगरच्या स्टँडची आणि सधन विजयनगरच्या स्टँडची बेरीज केलीस तर दोन्हींची माहिती हरवते.

फुकटाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे प्रत्येक बैठकीत कुणीतरी उठून 'पहिला अर्धा तास फुकट ठेवा' म्हणतोच. कल्पना वाईट नाही. पॅरिसची वेलिब ही सायकल योजना २००७ मध्ये सुरू झाली ती याच तत्त्वावर: पहिला अर्धा तास फुकट, पुढचा अर्धा तास १ युरो, त्यापुढचा २, मग दर अर्ध्या तासाला ४. हेतू हा की माणसाने सायकल अडकवून ठेवू नये, पोचल्यावर लगेच लावावी, म्हणजे तीच सायकल दिवसात अनेकांच्या कामी येते. चीनमधल्या हांगझोऊत २००८ पासून पहिला पूर्ण तास फुकट होता. पण पॅरिसमध्ये फुकटाचा खर्च जाहिरातींनी उचलला होता. जेसीदेको ही कंपनी शहरातल्या फलकांच्या हक्कांच्या बदल्यात सायकली चालवत होती. न्यूयॉर्कमध्ये सिटी बँकेने सायकल योजनेला आपलं नाव मिळावं म्हणून पाच वर्षांचे ४.१ कोटी डॉलर मोजले होते. तिजोरीत दुसरीकडून पैसा येत असेल तर भाडं हे वळण लावायचं साधन होऊ शकतं. आपल्याकडे बहुतेक टेंडरांत ऑपरेटरला भाड्यावरही जगायचं असतं आणि फलकांवरही, आणि फलकांचे हक्क नेमके तिसऱ्याच कुणाला आधीच दिलेले असतात.

आम्ही भंवरकुआला अर्धा तास फुकट करून बघितला. कोचिंगची मुलं, हिशेबात पटाईत. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मी स्टँडवर चहा घेत होतो. चार पोरं आली, एकाच्या फोनचा गजर वाजला. २६ मिनिटं झाली होती. चौघांनी सायकली लावल्या, लॉकचा 'टक' आवाज ऐकला, एकमेकांच्या सायकली स्कॅन केल्या आणि पुन्हा निघाली. सकाळचा व्यायाम चालला होता. तासाभरात दोन वेळा हे झालं. माझ्या अहवालात त्या चौघांच्या बारा फेऱ्या पडल्या. प्रत्यक्षात चार पोरं एकदा फिरून आली होती. मला त्यांचा राग आला नाही, उलट कौतुक वाटलं. दर आम्ही केला होता, त्यांनी तो नीट वाचला होता. तू फेऱ्या मोजशील तेव्हा त्याच स्टँडवर दोन-चार मिनिटांत त्याच माणसाने पुन्हा घेतलेली सायकल वेगळी काढ. नाहीतर फुकट अर्ध्या तासाने मागणी किती वाढवली याचं उत्तर खोटं येईल.

पुण्याला २०१७-१८ मध्ये अर्ध्या तासाला १ रुपया दर होता. माझे मामेभाऊ कोथरूडला, तेव्हा सुट्टीत गेलो की बघायचो. सायकली दिसायच्या, मग मोडक्या दिसायच्या, मग दिसेनाशा झाल्या. एका रुपयाचं गणित सोपं आहे: पंक्चरवाला चाळीस-पन्नास घेतो. एका पंक्चरला पन्नास फेऱ्या. ज्याला सायकल एक रुपयात मिळते तो ती एक रुपयाच्या वस्तूसारखी वापरतो, असंही काही जण म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. ज्यांनी सायकली फोडल्या त्यातल्या बऱ्याच जणांनी भाडं भरलंच नसणार.

आणि आपल्या मेट्रोचं तर ताजं आहे. ३१ मे २०२५ ला सुपर कॉरिडॉरवरचा सुमारे सहा किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, पहिला आठवडा फुकट, मग सवलत टप्प्याटप्प्याने कमी. पहिल्या आठवड्यात मीही भाच्याला घेऊन गेलो. जायचं कुठंच नव्हतं. डब्यात निम्मे लोक आमच्यासारखेच, मुलं खिडकीला चिकटलेली, आजी सेल्फीत. त्या आठवड्याचा आकडा धरून कुणी मागणीचं मॉडेल केलं तर ते हौसेचं मॉडेल होईल. सायकलीच्या प्रत्येक नव्या दराचे पहिले तीन-चार आठवडे असेच हौसेचे असतात. ते गाळून टाक.

खर्चाकडे येतो, कारण 'भाडं कमी, फेऱ्या जास्त' या वाक्यात प्रत्येक फेरी सारखीच धरलेली असते. सायकलीच्या कामात सगळ्यांत महाग वस्तू सायकल नाही, टेम्पो आहे. संध्याकाळी भंवरकुआची मुलं सायकली घेऊन राजवाड्याकडे जातात. चार-पाच किलोमीटर, अर्ध्या तासात आरामात. सराफ्यात गराडू, दहीवडा, जलेबा. त्यानंतर पेडल कोण मारणार? रात्री अकराला चौघं एका रिक्षात परत. सायकली राजवाड्याला ढिगाने पडलेल्या आणि सकाळी भंवरकुआ रिकामं. मग ड्रायव्हर आणि एक पोऱ्या टेम्पोत बारा-बारा सायकली चढवून रात्रीतून परत नेतात. एका खेपेचा डिझेल-मजुरीसकट ३०० रुपये खर्च धरला तर सायकलीमागे २५ रुपये झाले. म्हणजे ज्या फेरीचे दहा मिळाले, तिने २५ चं काम मागे ठेवलं. तू भाडं पाच केलंस आणि संध्याकाळच्या या फेऱ्या वाढल्या, तर प्रत्येक वाढीव फेरीवर २० रुपये खिशातून जातील. फेऱ्या दुप्पट व्हाव्यात अशी इच्छा करण्याआधी कुठल्या दिशेच्या, हे विचार.

आम्ही याच ठिकाणी भाड्याचा एक शहाणपणाचा वापर केला, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. रात्री ९ नंतर राजवाड्याच्या आसपास उचलून भंवरकुआला लावलेली फेरी फुकट केली, वर पुढच्या फेरीला ५ रुपये जमा. गल्ल्यात त्या फेऱ्यांचा शून्य. पहिल्या आठवड्यात कुणी दाद दिली नाही. मग मेसमध्ये बातमी पसरली आणि टेम्पोच्या रोजच्या तीन खेपा होत्या त्या बहुतेक रात्री दोनवर आल्या. एका रात्रीचे ३०० वाचले. उत्पन्नाच्या रकान्यात घट दिसली आणि मला महिनाअखेर त्याचा खुलासा लिहावा लागला. पॅरिसने हेच चढावासाठी केलं होतं: टेकडीवरच्या स्टँडला सायकल लावली की १५ मिनिटं जादा. आपल्याकडे टेकडीची जागा सराफ्याने घेतली.

भाड्याचा आणखी एक भाग आहे ज्यावर कुणी बोलत नाही, तो म्हणजे चुकीचं कापलेलं भाडं. पावसात लॉक बसलं नाही, माणूस 'टक' ऐकू आलं असं समजून गेला, मीटर रात्रभर चालू. सकाळी वॉलेट रिकामं. आमच्याकडे परताव्याला आठवडा लागायचा, कारण तो दुसऱ्या शहरातल्या कार्यालयातून व्हायचा. मी अशा एकाला स्वतःच्या खिशातून पैसे दिले होते. तो घेऊन गेला आणि पुन्हा कधी आला नाही. दर दोन रुपयांनी कमी करण्यापेक्षा परतावा त्याच दिवशी दिला असता तर जास्त गिऱ्हाईक टिकलं असतं, असं माझं ठाम मत आहे, पण याचा आकडा माझ्याकडे नाही. तक्रारींच्या नोंदी मिळाल्या तर तू काढून बघ: चुकीची कपात झालेल्यांपैकी किती जणांनी पुढच्या महिन्यात सायकल घेतली.

मोजमापाबद्दल एक धोक्याची सूचना. वॉशिंग्टनमध्ये २ डॉलरचं तिकीट आलं त्याच महिन्यात, जून २०१६ मध्ये, तिथल्या मेट्रोने वर्षभराची मोठी दुरुस्ती काढली. गाड्या कमी, मार्ग बंद. मग सायकलीवर आलेला माणूस स्वस्त तिकिटामुळे आला की गाडी नव्हती म्हणून? अभ्यासकांना ते वेगळं करायला बरीच मेहनत करावी लागली. तुझ्यापुढेही तेच आहे. एबी रोडवरची बीआरटीएस, म्हणजे कठडे घालून बससाठी राखलेली मार्गिका, २०१३ पासून चालत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिचे कठडे काढायला सुरुवात झाली. त्या काळातल्या आकड्यांवर दराचा परिणाम शोधायला गेलीस तर भाड्याचा, खोदकामाचा आणि बदललेल्या बसथांब्यांचा असा सगळ्यांचा काला होईल. एबी रोडपासून लांबचे स्टँड, म्हणजे अन्नपूर्णा, सुदामानगर, तुलनेला ठेव. तिथे भाडं बदललं पण रस्ता बदलला नाही. अनंत चतुर्दशीच्या झांकीची रात्र आणि रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा, दिवसही काढून टाक. त्या दिवशी राजवाड्याला सायकल उभी करायलाही जागा नसते.

नवा दर एकदम सगळीकडे लावू नये, हे ऑपरेटरला पटवता आलं तर पटव. दहा स्टँडवर पाच रुपये, त्यांच्यासारख्याच दहा स्टँडवर दहा रुपये, आठ आठवडे. अडचण अशी की माणूस स्वस्त स्टँडवरून सायकल घ्यायला चालत येतो. त्यामुळे दोन गट एकमेकांपासून निदान किलोमीटरभर लांब हवेत. याला ऑपरेटर 'गिऱ्हाईक भांडेल' म्हणून नकार देईल. तेव्हा दुसरा मार्ग सुचव: दर तोच ठेवून किमान रिचार्ज ९९ वरून २० करा. याने त्याचं दर फेरीचं उत्पन्न बुडत नाही, आणि माझा अंदाज आहे की नव्या गिऱ्हाइकांत तुला पाच रुपयांच्या दरापेक्षा मोठा फरक दिसेल.

आकडे मागशील तेव्हा महिन्याच्या बेरजा घेऊ नकोस, त्या सगळ्यांना खूश करायला केलेल्या असतात. फेरीनिहाय माहिती माग, नाव आणि नंबर काढून: कुठल्या स्टँडवरून कुठे, किती वाजता, पासवर की सुटी, किती कापले, शेवटचं रिचार्ज कधी. आणि टेम्पोची नोंद माग. ती संगणकात नसेल. ड्रायव्हरच्या सीटखाली एक लांबट वही असते, मागच्या पानांवर त्याच्या उधारीचे हिशेब आणि पुढच्या पानांवर खेपा. सकाळी सहाच्या आधी गाठ, चहा-पोहे मागव, आणि पानांचे फोटो काढून घे.